वाटाड्याचे वळसे

ज्या काळी राज्यं लहान होती आणि जंगलं मोठी होती, त्या फार फार जुन्या काळची ही गोष्ट. ऐकणाऱ्यांत लहान मुलं असतील तर त्यांनी जवळ सरकून बसावं. मोठ्यांनी मात्र आपल्याला सगळं ठाऊक आहे असा चेहरा करून बसू नये, कारण ही गोष्ट मोठ्यांच्याच चुकीची आहे.

एका राजाच्या पदरी चौघांची एक टोळी होती. जंगलापलीकडे कुठे संकट उभं राहिलं की राजा या चौघांना पाठवायचा. टोळीचा म्होरक्या होता एक तलवारबाज, तरणाबांड आणि हाताचा पक्का. दुसरी त्याची धाकटी बहीण, तिरंदाज. तिचा नेम चुकलेला कुणी पाहिला नव्हता. तिसरा मांत्रिक. चिमूटभर राख फुंकून तो ओल्या लाकडालाही आग लावायचा, आणि ती आग विझेपर्यंत स्वतःचं कौतुक सांगत बसायचा. चौथा होता वाटाड्या.

वाटाड्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, असं सगळेच म्हणत. पन्नाशी उलटलेला माणूस, एका गुडघ्यानं अधू, हातात एक काठी. तो सगळ्यांच्या पुढे चालायचा. मध्येच थांबायचा, चिमूटभर माती हुंगायचा, झाडाच्या सालीवरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, "इकडून नको. तिकडून." तिकडून म्हणजे हमखास लांबून. छान सपाट जागा बघून तिघांनी पथाऱ्या पसरल्या, की हा म्हणणार, "उठा. इथे नको." का नको, ते सांगायचा नाही. विचारलं तर म्हणायचा, "चला, उजेड आहे तोवर पुढे सरकू." वैताग यायचा अगदी.

आता त्या राज्याची एक रीत सांगतो. टोळी परत आली की राजा भर दरबारात एकेकाला पुढे बोलवायचा आणि एकच प्रश्न विचारायचा, "तू काय मारलंस?" ज्याच्याजवळ उत्तर असेल त्याच्या खांद्यावर मानाचा शेला घालायचे आणि चौघडा वाजवत त्याला पुढच्या मोठ्या दरवाजानं बाहेर न्यायचे. उत्तर नसेल त्यानं मागच्या दारानं जायचं.

तलवारबाज म्हणायचा, "दोन डोक्यांचा राक्षस, महाराज." बहीण म्हणायची, "माणसं उचलून नेणारा गरुड, महाराज." मांत्रिक तर एका भुताची तीन भुतं करून सांगायचा. वाटाड्याची पाळी आली की तो काठीवर रेलायचा आणि म्हणायचा, "काही नाही, महाराज." दरबारात खसखस पिकायची. मग तो पाय ओढत मागच्या दारानं निघून जायचा. अशा सात मोहिमा झाल्या आणि सातही वेळा तो त्याच दारानं गेला.

तलवारबाज घरी पोचला की दारात आई उभी असायची. लेकीला पोटाशी धरून झालं की ती लेकाच्या गालावर हात ठेवायची. "निघताना सांगितलं होतं, हिला परत आण. आणलीस हो तू," म्हणायची. तलवारबाजाला सगळ्या शेल्यांपेक्षा तो हात मोठा वाटायचा. आणि तो हात आपल्याच हक्काचा आहे, याबद्दल त्याला कधी शंका आली नाही.

मग आठवी मोहीम आली. जंगलापलीकडच्या खिंडीत एक राक्षस ठाण मांडून बसला होता आणि डोंगरातल्या वस्त्यांची वाट अडली होती. निघायच्या आदल्या दिवशी चौघं तलवारबाजाच्या अंगणात बसले. वाटाड्यानं काठीनं मातीत एक रेघ ओढली. ती वळसे घेत घेत गेली आणि अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला थांबली.

"नऊ दिवस लागतील," तो म्हणाला.

मांत्रिकानं नाक मुरडलं. त्यानं बोटानं सरळ रेघ मारली. "असं गेलं तर चार दिवस. सात मोहिमा झाल्या, या वळशांच्या वाटेवर आपल्याला साधं अस्वलसुद्धा भेटलं नाही. मग हवेत कशाला वळसे?"

थांबा जरा. हा प्रश्न पुन्हा एकदा मनात म्हणून बघा. त्याचं उत्तर त्या प्रश्नातच पडलेलं होतं, पण तिथे बसलेल्या एकीलाच ते दिसलं.

"दादा," बहीण म्हणाली, "वळसे घेतले म्हणूनच भेटलं नसेल तर?"

तलवारबाज हसला. मांत्रिक त्याहून मोठ्यानं हसला.

"सरळ वाटेवर मोठी पाणथळ आहे," वाटाड्या म्हणाला. "मला ती चांगली वाटत नाही."

"पाय ओले होतील, एवढंच ना!" मांत्रिक म्हणाला.

तलवारबाजानं वाटाड्याच्या गुडघ्याकडे पाहिलं. मग अगदी मऊ आवाजात तो म्हणाला, "काका, या खेपेला तुम्ही घरी राहा. आराम करा. आम्ही जाऊन येतो." आपण त्यांच्यावर माया करतोय असंच त्याला वाटत होतं, आणि पुढे आयुष्यभर त्याला हीच गोष्ट सगळ्यात जास्त टोचत राहिली.

वाटाड्यानं काठी जवळ ओढली. "म्होरक्या तू आहेस," तो म्हणाला, "तू म्हणशील तसं." आणि उठला. बहीण त्याच्या मागे धावत कुंपणापर्यंत गेली. दोघं तिथे बराच वेळ बोलत उभे होते. ती परत आली तेव्हा तिच्या हातात त्याची काठी होती.

"काकांनी दिली. पुढे चालेल त्याच्या हातात असू दे म्हणाले."

दोन दिवस वाट छान होती. सरळ, सावलीची, पायाखाली मऊ गवत. मांत्रिक दर कोसाला म्हणायचा, "बघा, कुठे काय आहे का?" बहीण काठी घेऊन पुढे चालत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण कुणीतरी पुढे चालायला हवं म्हणून ती चालत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाणथळ लागली. गुडघाभर पाणी, उंच गवत, आणि बेडकांचा नुसता कल्लोळ. ते निम्म्यापर्यंत गेले असतील, तोच बेडूक गप्प झाले.

बहीण जागच्या जागी उभी राहिली. "दादा, थांब. बेडूक गप्प झाले."

"बरं झालं. कान किटले होते."

"काका म्हणाले होते, बेडूक गप्प झाले की पुढचा पाय उचलायचा नाही. पाण्यात मोठं काहीतरी हलत असतं."

डोक्यावर ऊन होतं, पोटात भूक होती, आणि मांत्रिक मागून खुदखुदत होता. तलवारबाज वैतागून म्हणाला, "काका, काका, काका! त्यांच्यासारखीच भित्री झालीस तू."

मुलांनो, शब्द तोंडातून जायला किती वेळ लागतो? बहिणीचा चेहरा लाल झाला. तिच्या भावानं तिला तसं कधीच म्हटलं नव्हतं. तिनं पाय उचलला आणि पुढे टाकला.

पाणी फुटलं आणि त्यातून होडीएवढी सुसर वर आली.

तलवारबाज कसा लढला ते मी सांगत बसत नाही. तो त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा पराक्रम होता, आणि त्या पराक्रमाचा काहीही उपयोग झाला नाही. सुसर मेली, पण तोवर उशीर झाला होता. त्यानं बहिणीला उचलून कोरड्या उंचवट्यावर आणलं, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि तो तिला हाका मारत राहिला. मग हाका थांबल्या. पाण्यावर वाटाड्याची काठी तरंगत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवत हललं आणि वाटाड्या आला. "राहवलं नाही म्हणून मागोमाग निघालो होतो," तो म्हणाला. "गुडघ्यानं उशीर केला." एवढं बोलून तो तिच्याजवळ बसला आणि तिच्या केसांत अडकलेलं गवत एकेक काडी करून काढू लागला.

त्यांनी तिथेच तिला निरोप दिला. लाकडं ओली होती. मांत्रिकानं राख फुंकली, आग लागली, आणि त्या दिवशी तो स्वतःबद्दल एक शब्दही बोलला नाही. राजाला काय सांगायचं ही धास्ती मात्र त्याला होतीच, म्हणून निघताना त्यानं सुसरीचा जबडा बरोबर घेतला. राक्षसाचं नाव कुणी काढलं नाही. तलवारबाजानं आपला मानाचा शेला फाडला, त्यात बहिणीच्या अस्थी बांधल्या आणि ती पुरचुंडी छातीशी धरली.

परतीच्या वाटेवर वाटाड्या पुढे होता. एका कड्यापाशी तो थांबला आणि सवयीनं म्हणाला, "इकडून नको. तिकडून."

आठ मोहिमांत पहिल्यांदाच तलवारबाजानं खरं उत्तर हवं म्हणून विचारलं, "का, काका?"

"कड्याच्या पोटाला आग्या मोहोळं आहेत. दुसऱ्या मोहिमेला तुम्हाला इथेच चूल मांडायची होती. हिनं सरपणसुद्धा गोळा केलं होतं. धूर वर गेला असता तर एकही वाचला नसता."

पुढे एक सपाट, सुरेख जागा लागली. तलवारबाजाला ती ओळखीची वाटली. "आणि इथे?"

"घोणशींची बिळं आहेत खाली. चौथ्या मोहिमेला हिची पथारी त्या दगडाशी होती."

मग एक ओढा आला. पाणी स्वच्छ, खळखळतं. तलवारबाजाला आठवलं. बहिणीनं इथे ओंजळ भरली होती आणि म्हाताऱ्यानं काठी मारून ती उडवली होती. ती चिडली होती, आणि बाकीचे दोघं पोट धरधरून हसले होते.

"वरच्या अंगाला मेलेलं जनावर कुजत होतं," त्यानं विचारायच्या आधीच वाटाड्या म्हणाला.

त्यापुढे तलवारबाजानं विचारलं नाही. वळणं येत राहिली. प्रत्येक वळणावर त्याची बहीण एकेकदा वाचलेली होती, आणि तो प्रत्येक वेळी कुरकुरत चालला होता. त्याच्या हातातली पुरचुंडी फार हलकी होती.

शेवटी जंगलाची कड दिसली तेव्हा तो म्हणाला, "काका, हे आधी का नाही सांगितलंत?"

"घाबरलेला माणूस पाय आपटत चालतो," वाटाड्या म्हणाला, "आणि पाय आपटले की जंगल जागं होतं. मला वाटायचं, सगळे धड घरी आले की झालं, सांगायचं काय त्यात." त्यानं पुरचुंडीकडे पाहिलं. "ती विचारायची, म्हणून तिला थोडं सांगितलं. तुलाही सांगायला हवं होतं. तेवढी चूक माझी आहे रे."

दरबार भरला. सुसरीचा जबडा मधोमध ठेवला होता आणि लोक माना उंचावून तो बघत होते. एवढी मोठी सुसर त्या राज्यात कुणी पाहिली नव्हती. नवा शेला तयार होता, चौघडेवाले टिपऱ्या हातात घेऊन उभे होते. राजानं नेहमीचा प्रश्न विचारला, "तू काय मारलंस?"

"काही नाही, महाराज," तलवारबाज म्हणाला.

आणि तो मागच्या दारानं निघून गेला. ते दार इतकं ठेंगणं होतं की त्याला वाकावं लागलं. हे त्याला माहीत नव्हतं, कारण त्या दारानं तो कधी गेलाच नव्हता.

घरी आई दारात उभी होती. तिनं त्याच्या मागे पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. मग तिची नजर त्या पुरचुंडीवर गेली आणि तिनं दाराची चौकट धरली.

"हिला परत आण म्हटलं होतं ना रे तुला," एवढंच ती म्हणाली.

तलवारबाज तिच्या पायांशी खाली बसला. "आई, मी तिला कधीच परत आणलं नव्हतं. सातही वेळा काकांनी आणलं होतं. आठव्या वेळी मी त्यांना घरी बसवलं."

वाटाड्या कुंपणापाशी उभा होता. आत यावं की नाही हे त्याला कळत नव्हतं. म्हातारी अंगण ओलांडून हळूहळू त्याच्यापर्यंत गेली आणि तिनं आपला हात त्याच्या गालावर ठेवला. आठवडाभर एक टिपूस न काढलेला तो माणूस तेव्हा रडला, आणि तलवारबाजाला आईचा तो हात पुन्हा कधी मागता आला नाही.

पुढे त्यानं तलवार खुंटीला टांगली आणि काठी हातात घेतली. वाटाड्याच्या मागून चालत तो माती हुंगायला शिकला, बेडूक ऐकायला शिकला, आणि म्हाताऱ्याच्या पश्चात तो कित्येक टोळ्यांच्या पुढे चालला. त्याच्या मागचं एकही माणूस हरवलं नाही. आपण कशाला चुकवून पुढे आलो, हे तो दर मुक्कामाला सगळ्यांना सांगायचा. राजा मात्र शेवटपर्यंत तोच प्रश्न विचारत राहिला, आणि हा शेवटपर्यंत वाकून मागच्या दारानं जात राहिला.

तात्पर्य एवढंच: जे संकट आपल्यापर्यंत पोचलंच नाही, ते कुणीतरी आपल्या पुढे चालून चुकवलेलं असतं, त्या माणसाला तो हयात असतानाच ओळखावं.