डोळे मिटून पाण्याकडे

“…मग उस्ताद, हौद माझ्या हाती देणार तरी कवा?”

मिरजेच्या गॅरेजात सुदाम खोत विचारत होता. गाड्यांच्या लोखंडी भागांवरचा जुना रंग, चिकट वंगण तिथं कॉस्टिक सोड्याच्या हौदात उतरवत. हौदाला कुलूप असे आणि किल्ली बशीर उस्तादांच्या कमरेला.

हौद सोपवायला उस्तादांनी होकार दिला, तरच मेव्हणा जतमध्ये सुदामला गॅरेजसाठी जागा देणार होता. सुदामला तो होकार हवाच होता.

“काम येतं?” उस्तादांनी विचारलं.

“सगळं पाठ हाय. पाण्यात सोडा टाकायचा, थोडा थोडा. सोड्यावर पाणी कधीच वतायचं न्हाई. चुंबक चिकटला तरच भाग हौदात. ॲल्युमिनियम पडलं की फसफसतं, भाग खलास. चष्मा, रबरी हातमोजे, एप्रन…”

“डोळे मीट.”

“आं?”

“सोड्याचं पाणी डोळ्यात उडालं. जा पाण्याकडं.”

“चष्मा असतो की उस्ताद!”

“असतोच. तरी उडालं.”

सुदाम हसला. या गॅरेजात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. डोळे मिटून तो ऐटीत निघाला आणि मडगार्डवर धडपडला. गुडघा सोलला.

मडगार्ड सकाळी त्यानंच तिथं टाकलं होतं.



सुदामनं वाट मोकळी केली. पुन्हा डोळे मिटले. या वेळी भिंतीच्या कडेनं थेट पाण्याच्या पिंपापर्यंत पोचला आणि आत हात घातला. हात तळाला लागला. पिंप कोरडं होतं.

सकाळी त्यातल्याच पाण्यानं त्यानं आपली मोटरसायकल धुतली होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसरा कुणी असता तर तोंड लपवून घरी गेला असता. सुदाम हट्टी. त्यानं बोअरचं पाणी आणून पिंप काठोकाठ भरलं आणि डोळे मिटून फेऱ्या घालू लागला. हौदापासून पिंप, पिंपापासून हौद. बाकीचे कारागीर म्हणाले, “काय सुदामराव, आंधळी कोशिंबीर का?” त्यानं डोळे उघडले नाहीत.

दिवस कलला तेव्हा तो कुठंही न अडखळता पिंपाशी पोचला. मग्ग्यानं डोळ्यांवर पाणी ओतू लागला.

“बास, उस्ताद?”

“अजून.”

तो ओतत राहिला. शर्ट भिजला, पायाखाली चिखल झाला.

“बास?”

“अजून…”

पिंप निम्मं झालं, तेव्हा उस्तादांनी कमरेची किल्ली सोडली आणि त्याच्या ओल्या हातावर ठेवली.

सुदामनं किल्ली मुठीत घट्ट धरली. “म्हंजे… आता हौद माझा?”

उस्तादांनी पाण्यानं भरलेली बादली उचलली आणि पिंपात रिकामी केली.

“पिंप तुझं. हौद कुणाचाच नसतो.”