गळक्या छतावर तांब्याभर पाणी

घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावी एकदा एका घोंगड्यांच्या व्यापाऱ्याची मोटार गळू लागली. मोटार चांगली सोळा वर्षांची होती आणि व्यापाऱ्याच्या हाती येण्यापूर्वी तिने दोन मालक पाहिले होते. तिच्या छताला सरकणारी काच होती. घाटातला पाऊस ज्यांनी अंगावर घेतला आहे, ते म्हणतील की हौसेला मोल नसते. पण ही हौस व्यापाऱ्याची नव्हती, त्याच्या आईची होती.

म्हातारीचे दोन्ही गुडघे गेले होते. दर सोमवारी तिला तालुक्याच्या दवाखान्यात शेक घ्यायला न्यावे लागे. एरवी सारा आठवडा ती माजघरातल्या खाटेवर पडून असे. मागच्या सीटवर तिला रेलून बसवले, की ती मान वर करून काचेतून आभाळ बघत राही. ढग, घारी, रस्त्यावर वाकलेल्या फांद्या, विजेच्या तारा, काहीही. आठवड्यातला तेवढा दीड तास तिचा स्वतःचा होता. आणि नेमके तिच्याच खांद्यावर पाणी ठिबकू लागले.

व्यापाऱ्याने मोटार वस्तादांच्या गॅरेजात आणली. वस्ताद सत्तरीचे, बोलायला महाग आणि कामाला चोख. त्यांचा शिष्य सर्जेराव नऊ वर्षे त्यांच्या हाताखाली होता. हात कसबी, अंगात जिद्द, आणि जिद्दीला जोडून थोडा ताठा. त्याने काचेची कड निरखली, जुने झालेले रबर बोटाने दाबून पाहिले आणि जाहीर केले, "शेट, आता थेंब आत आला तर सर्जेराव नाव लावणार नाही." मग त्याने काचेभोवती सिलिकॉन भरले आणि अंगठ्याने दाबून गुळगुळीत केले.

पुढच्या सोमवारी म्हातारीचे दोन्ही खांदे भिजले. सर्जेरावाने आणखी सिलिकॉन भरले, इतके की काच सरकेनाशी झाली. त्यानंतरच्या सोमवारी म्हातारीचे लुगडे कमरेपर्यंत ओले झाले आणि तिला ताप भरला. वस्तादांनी दोन्ही वेळा शिष्याचे काम पाहिले होते आणि ते काही बोलले नव्हते. थोर गुरूंना ही एक वाईट खोड असते.

तिसऱ्या खेपेला व्यापारी मोटारीतून उतरला तो तापूनच. आईला तापाचे औषध देऊन आणलेले, ती मागे बसून होती.

"बास झालं आता," तो म्हणाला. "काच काढा आणि वर पत्रा ठोका. गळायचं नाव नको."

"अरे, घरात आढ्याकडं बघून डोळं थकलं माझं," म्हातारी आतून म्हणाली. "मोटारीत तरी आभाळ बघू दे रे."

"आई, न्यूमोनिया झाल्यावर आभाळच बघशील."

असले बोलणे मुलगा आईवर प्रेम असल्यावाचून बोलत नाही, आणि आईला ते तितकेच लागते. व्यापाऱ्याने सोमवारची मुदत दिली आणि आईला रिक्षाने घरी नेले.

सर्जेराव पत्र्याचे माप घेऊ लागला. तेव्हा वस्ताद उठले. त्यांनी पाते घेतले आणि काचेभोवतीचे सिलिकॉन बारीक बारीक कापून सगळे काढून टाकले. शिष्याची दोन वेळची मेहनत जमिनीवर सालींसारखी पडली. मग त्यांनी काच सरकवली आणि म्हणाले, "तांब्याभर पाणी आण."

सर्जेरावाला वाटले, पाते धुवायचे असेल. वस्तादांनी तांब्या घेतला आणि काचेखालच्या पन्हळीत, म्हणजे चक्क मोटारीच्या आत, पाणी ओतले.

"वस्ताद! सीटा भिजत्यात!" सर्जेराव ओरडला.

"भिजू दे. पाणी कुठं जातंय ते बघ."

पाणी कुठेच जात नव्हते. ते पन्हळीच्या कोपऱ्यात साचले, कडेपर्यंत चढले आणि तिथून सीटवर ठिबकू लागले. ठिबकत होते ती जागा म्हातारीच्या खांद्याची होती.

वस्ताद म्हणाले, "काच सगळं पाणी अडवंल, असं ही मोटार बनवणाऱ्याला कधीच वाटलं नव्हतं. थोडं पाणी आत यायचंच, हे तो धरूनच चालला. म्हणून त्यानं खाली पन्हळ ठेवली, चार कोपऱ्यांना चार भोकं पाडली, आणि चार नळ्या खांबांच्या पोटातनं चाकापाशी सोडल्या. आलेलं पाणी गुमान निघून जायचं. इतकी वर्षं तसंच जात हुतं. तू येणाऱ्या पाण्याशी भांडत बसलास, सर्जेराव. त्याची जायची वाट कुठाय, हे एकदा तरी बघितलंस का?"

सर्जेरावाने वाकून कोपऱ्यात बोट घातले. मागच्या एका भोकात कुजलेला पाला होता. मूळ दुखणे एवढेच. उरलेल्या तिन्ही भोकांत पांढरे सिलिकॉन घट्ट बसले होते. ते कोणाच्या हातचे, हे विचारण्याची गरज नव्हती. रोग एका कोपऱ्याला होता, औषधाने चारही कोपरे धरले होते. आपणही दुःख आत येऊ नये म्हणून मनाच्या फटी लिंपत सुटतो, आणि लिंपता लिंपता त्याची जायची वाटही बुजवून ठेवतो.

सर्जेरावाचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "तुम्हाला दिसलं हुतं, तर बोलला का नाही?"

"तू विचारशील म्हणून थांबलो," वस्ताद म्हणाले. "ते माझं चुकलं. माझ्या थांबण्यापायी ती बाई भिजली."

नऊ वर्षांत वस्तादांना आपली चूक कबूल करताना सर्जेरावाने पाहिले नव्हते. त्याने पत्रा उचलून भिंतीला लावून ठेवला. "पत्रा नाही ठोकायचा," तो म्हणाला. "सोमवारपर्यंत चारही वाटा मोकळ्या करतो."

तो हवेचा पाइप घेऊन आला, तर वस्तादांनी हात धरला. "जोराची हवा नको. जुनी नळी आतल्या आत सांध्यातनं निसटंल, मग सगळं छत उतरवावं लागंल." मग सर्जेरावाने मासे धरायच्या गळाचा जाड तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, आणला, टोक विस्तवावर धरून बोथट केले आणि नळीत वीतभर, बोटभर असा सारत गेला. तीन नळ्या शुक्रवारी मोकळ्या झाल्या. चौथी, मागची, हटून बसली. शनिवारभर तो तिच्याशी झगडला. घाई केली की तंगूस आत दुमडे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मान आखडली, गुडघे सोलवटले, जेवणाचा डबा तसाच परत गेला. रविवारी दुपारी मागच्या चाकापाशी आधी काळा चिखल पडला, मग सिलिकॉनचा एक तुकडा, मग गढूळ पाण्याची धार, आणि शेवटी नितळ पाणी. सर्जेराव एकटाच मोठ्याने ओरडला. त्याला फार आनंद झाला होता.

सोमवारी व्यापारी आईला घेऊन आला. "पत्रा कुठाय?" त्याने विचारले.

काम झाले होते. दोन गोड शब्द बोलून किल्ली हातावर ठेवता आली असती. पण सर्जेराव पुढे झाला. "शेट, पत्र्याची गरज नाही. पहिल्यांदा एकच वाट बुजली हुती. बाकीच्या तीन मी माझ्या हातानं बुजवल्या. आजींना ताप आला तो माझ्यामुळं."

व्यापाऱ्याचा पारा चढला. "हे तू तोंड वर करून सांगतोस? आता तर पत्राच ठोकायचा. तुझ्या कामावर आईला बसवायला मी येडा नाही." त्याचे काही चुकत नव्हते. दोनदा फसलेल्या माणसाने तिसऱ्यांदा विश्वास का ठेवावा? वस्ताद मधे पडले नाहीत.

म्हातारी काठी टेकत मोटारीपाशी गेली. "दार उघड," ती सर्जेरावाला म्हणाली. "मी आत बसते. तू वरनं पाणी ओत."

"आई, परवा ताप उतरलाय तुझा!"

"माझा ताप हाय, माझा खांदा हाय. चुकलो म्हणून सांगणारा माणूस मी लई दिवसांनी बघितला. ओत रे."

सर्जेरावाने काच बंद केली, बादली भरली आणि स्टुलावर चढला. त्याने पाणी सोडले. आत म्हातारी मान वर करून बसली होती आणि व्यापारी खिडकीतून तिच्या खांद्याकडे डोळे लावून होता. छतावरून लोट आला, काचेवर पसरला, कडेच्या फटीत उतरला. क्षणभर काहीच झाले नाही. मग चारही चाकांपाशी पाण्याच्या चार बारीक धारा जमिनीवर पडू लागल्या.

व्यापाऱ्याने आत हात घालून आईचा खांदा चाचपला, मग दुसरा. दोन्ही कोरडे होते.

"झालं ना आई? उतर आता," तो म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता.

म्हातारीने मान खाली केलीच नाही. काचेवर अजून पाणी हलत होते आणि त्याच्यामागे श्रावणातले ऊन पडले होते. "थांब जरा," ती म्हणाली. "त्याला म्हणावं, अजून एक बादली ओत. पाण्यातनं आभाळ कधी बघितलं नव्हतं मी."

सर्जेराव बादली घेऊन नळाकडे जायला निघाला, तेव्हा व्यापाऱ्याने ती त्याच्या हातातून घेतली आणि स्वतः भरायला गेला.