खाणीतली मोटर कोणी थांबवेना

कोणे एके काळी, ज्या डोंगराचे नाव आता कोणी घेत नाही, त्याच्या पोटात एक खोल खाण होती. तिच्या भिंतींतून भर उन्हाळ्यातही पाणी झिरपे. ते उपसायला तळाजवळच्या कट्ट्यावर एक मोटर बसवलेली होती. ती चालू तोवर माणसे कोरडी.

मोटरीची राखण एका म्हाताऱ्याकडे होती. त्याला सगळे अण्णा म्हणत. त्याचा एकुलता एक मुलगा त्याच खाणीत, सगळ्यांत खालच्या थरात खणायला जाई.

जुनी रीत अशी होती : अमावस्येला खाणीला सुट्टी. त्या दिवशी अण्णाने मोटर बंद करायची. दांडा हाताने फिरवून बघायचा, बेअरिंगला वंगण द्यायचे, तारांचे आवरण कुठे विरले का ते तपासायचे, हवेची भोके साफ करायची. तेवढ्यात पाणी गुडघ्याला लागे. मग मोटर पुन्हा सुरू.

पण मोटर थांबली की खाण गप्प होई, आणि त्या गप्पपणात खालच्या पाण्यातून बोलणे ऐकू येई. पूर्वी बुडालेल्यांचे, असे लोक म्हणत. अण्णाला त्यातला एक आवाज ओळखीचा होता. याच खाणीत बुडालेल्या धाकट्या भावाचा. तो नुसते "दादा" म्हणे आणि थांबे.

अण्णा हे कोणाला सांगत नसे. भितो म्हणायची त्याला लाज होती.

खाणीच्या तोंडाशी बसलेल्यांनाही ते बोलणे ऐकू येई. एकदा त्यांतला एक म्हणाला, "अण्णा, चालतेय ती चालू द्या की. कशाला दर महिन्याला निजवता?"

"तेवढंच निमित्त त्यांना, तिच्या अंगाला हात लावायचं," दुसरा म्हणाला. "म्हातारी घरात हात धरू देत नाही."

सगळे हसले. अण्णा हसला नाही, पण बोलणे त्याच्या पथ्यावर पडले. "ठणठणीत आहे मोटर," तो म्हणाला. "नाही थांबवत."

त्या अमावस्येला मोटर थांबली नाही. पुढच्याही नाही. पाण्यातले बोलणे बंद झाले. गाव निवांत झोपू लागले.

मग मोटरीचाच आवाज बदलला. झोपेत कोणी दात खावेत तसा. अण्णाने तिच्यावर हात ठेवला आणि चटका बसून मागे घेतला. बेअरिंग कोरडे पडले, हे त्याला तेव्हाच कळले.

"बाबा, बंद करून बघा ना एकदा," मुलगा म्हणाला.

"तुझ्या जन्माआधीपासून ऐकतोय मी तिला. तू तुझं खणायचं बघ."

लोक म्हणाले, मोटरीतली देवी कण्हतेय. त्यांनी तेलात शेंदूर कालवून आणला आणि मोटरीला थापला. हवेची भोके एकेक करून बुजत गेली. अण्णाच्या एका शब्दाने ते थांबले असते. पण मग भोके साफ करायला मोटरही थांबवावी लागली असती. अण्णाने त्यांना दिवा धरला.

एका दुपारी, माणसे कामावर असताना, मोटरीने आचका दिला. तारांवरच्या जळक्या लाखेचा वास सुटला आणि खाण गप्प झाली. माणसे शिडीकडे धावली. अण्णा दोन्ही हातांनी दांडा फिरवू पाहत होता. दांडा हलला नाही. पाणी कमरेला लागले तेव्हा दोघांनी त्याला ओढून वर नेले.

वरच्या थरांतले सगळे आले. खालच्या थरातला एक आला नाही.

सून खाणीच्या तोंडाशी उभी होती. तिने विचारले, "मामंजी, ती आधी थांबवून बघता आली असती का?"

"आली असती," अण्णा म्हणाला.

ती एकटीच घरी गेली. पाणी चढत चढत खाणीच्या तोंडाशी आले आणि तिथेच राहिले. ते काळे आहे. शेळ्यासुद्धा त्याला तोंड लावत नाहीत. गाव केव्हाच उठून गेले.

बोध : जे यंत्र आपण वेळेवर थांबवून तपासत नाही, ते आपल्याला न विचारता थांबते.