टिंबीची मटकी

आसावरीला रात्रभर धड झोप लागली नव्हती. पालकसभेत शिंगाडे बाईंनी सांगितलं होतं, या सत्रात पहिलीची मुलं काय काय शिकणार. बेरजा, आकार, आपल्या शब्दांत गोष्ट सांगणं, आणि वाटीत कडधान्य रुजवून ते रोज बघणं. बाकीचे आईबाप माना डोलावत होते. आसावरी मात्र आपल्या मुलीचाच विचार करत होती. मिहिकाला जमेल हे सगळं? शेजारचा अन्वय दुकानांच्या पाट्या वाचतो, आणि मिहिकाचा 'क' अजून नीट उभासुद्धा राहत नाही.

मुलांना वेळ द्यावा, हे आसावरीनं पुष्कळ पुस्तकांत वाचलेलं. तरी रविवारी सकाळी चहाच्या आधी तिनं मिहिकाचं दप्तर उघडून पाहिलंच. जेवताना विचारलंच, "मिहू, ताटाचा आकार कुठला?"

"पोळीचा," मिहिका म्हणाली.

दुपारी ओट्यावर फडक्यात बांधलेली मटकी होती. आसावरीनं गाठ सोडून पाहिलं. मोड नव्हते.

"आई, पुन्हा उघडलीस?" आतून आवाज आला.

"सहज गं."

"मग आता सहज गोष्ट सांग."

आसावरीनं गाठ मारली, हात पुसले, मिहिकाशेजारी आडवी झाली आणि सांगू लागली.

टिंबाएवढी एक मुंगी होती. म्हणून तिचं नाव टिंबी.

टिंबीच्या शाळेत बाई म्हणाल्या, "उद्या सगळ्यांनी मोड आलेला दाणा आणा."

टिंबीनं मटकीचा दाणा भिजवला. ओल्या चिंधीत बांधला. गच्च गाठ मारली.

आला का मोड? सोड गाठ. बघ. नाही!

आला का मोड? सोड गाठ. बघ. आला! टाचणीच्या टोकाएवढा.

अजून आला का? सोड गाठ. बघ.

अगंबाई! मोड सुकला. दिसेनासा झाला.

टिंबी रडली. मुसुमुसु, मुसुमुसु.

"मटकीताई, मटकीताई, मोड काढा ना."

मटकी म्हणाली, "माझा घसा कोरडा पडलाय. पाणी पाज, मग काढते."

तुरुतुरु, तुरुतुरु, टिंबी गेली माठाकडे.

"माठोबा, माठोबा, पाणी द्या ना.
मटकी मोड काढेना,
टिंबीला काही सुचेना!"

माठ म्हणाला, "पाणी देईन, पण कशात? वाटी आण, मग देतो."

तुरुतुरु, तुरुतुरु, टिंबी गेली वाटीकडे.

"वाटीबाई, वाटीबाई, चला ना.
माठ पाणी देईना,
मटकी मोड काढेना,
टिंबीला काही सुचेना!"

वाटी म्हणाली, "अशी खरकटी येऊ? लोक काय म्हणतील? काथ्याला सांग मला घासायला, मग येते."

"वाटीला आंघोळ हवी," मिहिका म्हणाली.

"हो. तुझ्यासारखी नाही ती."

तुरुतुरु, तुरुतुरु, टिंबी गेली काथ्याकडे.

"काथ्यामामा, काथ्यामामा, वाटी घासा ना.
वाटी जागची हलेना,
माठ पाणी देईना,
मटकी मोड काढेना,
टिंबीला काही सुचेना!"

काथ्या म्हणाला, "मी ओलाचिंब. मऊ मऊ पडलोय. घासू कसा? मला ऊन हवं. तो ढग बघ, आडवा आलाय. त्याला सांग सरकायला, मग घासतो."

तुरुतुरु, तुरुतुरु, टिंबी चढली शेवग्यावर. वर, आणखी वर, अगदी शेंड्यावर.

"ढगोबा, ढगोबा, सरका ना.
काथ्या वाटी घासेना,
वाटी जागची हलेना,
माठ पाणी देईना,
मटकी मोड काढेना,
टिंबीला काही सुचेना!"

ढग म्हणाला, "आऽऽ... मला कुठे आहेत पाय? वाऱ्याला सांग ढकलायला, मग सरकतो."

वारा तिथंच होता. शेवग्याच्या पानांत लपला होता. सळसळ, सळसळ.

"वारेदादा, वारेदादा, ढकला ना.
ढग बाजूला सरेना,
काथ्या वाटी घासेना,
वाटी जागची हलेना,
माठ पाणी देईना,
मटकी मोड काढेना..."

"टिंबीला काही सुचेना!" मिहिकानं मोठ्यांदा सांगून टाकलं.

वारा म्हणाला, "टिंबे, तुझा मोड कुणी सुकवला, ठाऊक आहे?"

"कुणी?"

"मी."

"तुम्ही? का हो?"

"तू गाठ सोडलीस, मी आत शिरलो. पुन्हा सोडलीस, पुन्हा शिरलो. दार उघडं दिसलं की मला राहवत नाही. आता मोड येईपर्यंत गाठ सोडणार नाहीस ना? तसं सांग, मग ढकलतो."

टिंबीनं डोकं खाजवलं.

"थोडीशी पण नाही सोडायची?"

"थोडीशी पण नाही."

"एका डोळ्यानं बघितलं तर?"

"एका डोळ्यानं पण नाही."

"पण आतमध्ये मोड येतोय की नाही, मला कसं कळणार?"

"नाही कळणार," वारा म्हणाला.

इथं आसावरी जरा थांबली.

"आई, पुढे."

शेवटी टिंबीनं मान हलवली. म्हणाली, "बरं. नाही सोडणार."

मग काय!

वारा सुटला, फूऽऽऽ! ढग सरकला, सर्रर्र! ऊन पडलं, लख्ख! काथ्या वाळला, खरखरीत झाला. काथ्यानं वाटी घासली, खसाखसा, खसाखसा. वाटी आली ठुमकत, ठण् ठण् ठण्. माठानं पाणी दिलं, बुडुक बुडुक. मटकी पाणी प्यायली, गुटुक गुटुक. टुमटुमीत फुगली.

टिंबीनं चिंधी भिजवली. मटकी आत ठेवली. गच्च गाठ मारली.

आला का मोड? बघू?

नको.

टिंबी गाठीकडे पाठ करून बसली. हात मांडीखाली दाबून बसली. एक डोळा मागे वळला. तिनं त्याला पुढे आणलं.

आला का मोड? बघू?

नको, नको.

बसल्या बसल्या टिंबीला झोप लागली.

सकाळ झाली. टिंबीच्या पाठीला काहीतरी टोचलं. टुच्! टिंबी वळली. गाठ होती तशीच होती. पण चिंधीतून एक पांढरं पांढरं नाक बाहेर आलं होतं. मोड! चिंधीला भोक पाडून आपला आपण आला होता. टिंबीपेक्षाही लांब!

तुरुतुरु, तुरुतुरु, टिंबी गेली शाळेत. मोड डोक्यावर, टिंबी खाली. मोडच चालत आलाय, असं सगळ्यांना वाटलं.

बाई म्हणाल्या, "अरे वा! टिंबी, हा मोड कसा काढलास?"

टिंबी म्हणाली, "मी नाही काढला, बाई. मटकीनं काढला. मी नुसती पाठ करून बसले."

बाईंनी टिंबीला साखरेचा एक कण दिला. टिंबीनं तो सगळा खाल्ला. कुर्रम कुर्रम!

गोष्ट झाली. मिहिका उताणी झाली. छताकडे बघत राहिली. आसावरीला वाटलं, समजली असेल ना? विचारावं का, वारा काय म्हणाला ते? आपल्या शब्दांत सांगता येईल का हिला? तिनं तोंड उघडलं.

तेवढ्यात मिहिकानं आईच्या खांद्यावरची ओढणी ओढून घेतली. डोक्यापासून पायापर्यंत स्वतःभोवती गुंडाळली. दोन्ही टोकं मुठीत गच्च धरली. आतून म्हणाली,

"आई, तू जा आता. सारखं उघडून बघायचं नाही हं. मला मोड यायचेत."