टेकडीवरची शाळा आणि न चाखलेलं लोणी

आमची शाल्मली शाळेत तोंड उघडेपर्यंत मी तूप खाणार नाही, असं औंधच्या यमाईला बोलले होते. साताऱ्याहून इकडे इंग्लंडात लेकाकडे राहायला आलो त्या वर्षीची गोष्ट. नात घरात बोलून बोलून कान किटवायची आणि शाळेच्या फाटकातून आत गेली की मुकी. मला वाटायचं, असे नेम आपल्याकडच्या बायकाच धरतात. मग शाळेसमोरचा रस्ता मुलांना गाड्या थांबवून ओलांडून देणाऱ्या डोरिनबाईंनी मला ही गोष्ट सांगितली. त्यांना ती त्यांच्या आजीकडून मिळाली होती. खरं-खोटं देव जाणे.

तुम्ही चढून दमला असाल, या बाकावर टेका. आता खाली बघा. नदी, चर्च, दुकानं, सगळं हेदरक्लफ गाव खाली आहे. मोठ्या मुलांची ही शाळा तेवढी इथे वर, पाठीला तो उभा कापलेला कडा घेऊन बसली आहे. पोरं रोज धापा टाकत चढतात. खाली सपाट जमीन असताना शाळा इथे का, हेच मीही विचारलं होतं.

पूर्वी इथे दगडाची खाण होती म्हणे. गरिबांची पोरं दिवसभर इथे दगड फोडायची आणि सोबत आणलेला कोरडा पाव खायची. खालच्या उतारावर हेस्टर नावाची विधवा एकटी राहायची. तिला मूलबाळ नव्हतं, एक गाय होती. तिच्या हातच्या लोण्याला खोऱ्यात तोड नव्हती. एकदा हरवलेली गाय शोधत ती खाणीपर्यंत आली आणि दगडाच्या भुकटीने पांढरी झालेली ती लेकरं कोरडे तुकडे चावताना तिने पाहिली. तिथेच तिने देवाला शब्द दिला, ही पोरं शाळेत बसेपर्यंत मी लोणी जिभेला लावणार नाही.

आता लोणी करणारीने चव घ्यायची नाही म्हणजे मिठाचा अंदाज कसा यायचा? आपण नैवेद्य न चाखता करतो, तसं ती लोणी करायची. कधी अळणी, कधी खारट. गिऱ्हाइकं मुकाट्याने न्यायची. तिला कोणी काही बोललं नाही, असं सांगतात.

गावचे जमीनदार सर अँब्रोझ. खाणही त्यांचीच. हेस्टर वर्षानुवर्षं त्यांच्या दारी जाऊन शाळेला जागा मागायची. एकदा घरी पाहुणे बसले होते, तेव्हा साहेबांना चेष्टा सुचली.

"उद्या संध्याकाळी धारेच्या वेळी तुझी गाय जिथे उभी राहील, ती जागा शाळेला दिली. पण तिला हाक मारायची नाही, हाकायचं नाही. आपण होऊन उभी राहिली पाहिजे."

पाहुणे हसले. धारेच्या वेळी गाय गोठ्यातच येणार, म्हातारी स्वतःचाच गोठा दान घेऊन बसणार, असा त्यांचा हिशेब.

शेजारीण तिला म्हणाली, "अगं, चर्चमागच्या कुरणात दाव्याने बांधून ठेव. कोण बघतंय?"

"ज्याला शब्द दिलाय तो बघतोय," हेस्टर म्हणाली, आणि सकाळी तिने गाय मोकळी सोडली.

साहेबांनी जन्मात कधी गाय घरी आणली नव्हती, तिथेच ते चुकले. ती गाय आपण होऊन कधी घरी यायचीच नाही. रोज हेस्टर हाक मारायची तेव्हा खाली उतरायची. त्या दिवशी हाक नव्हती. ऊन कललं तशी ती चरत चरत वर निघाली, मागून साहेब आणि त्यांच्यामागे सगळं गाव. ती थेट खाणीत जाऊन थांबली. काम सुटायच्या वेळी पोरं उरलेला पाव तिला भरवायची, हे मोठ्या माणसांपैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. एका मुलीने तुकडा पुढे केला. गाय उभी राहिली आणि तिने पान्हा सोडला. पांढऱ्या भुकटीवर दुधाची धार सांडत राहिली म्हणे.

साहेबांना लाज वाटली असं कोणी सांगतं. डोरिनबाई म्हणतात, "लाज कसली? मागे अख्खं गाव उभं होतं." काही असो, त्यांनी शब्द पाळला. खाण तिथेच थांबली. तो कडा बघा, अर्धवट कापलेलाच राहिलाय.

शाळा उभी राहीपर्यंत हेस्टर पार थकली होती. पहिल्या दिवशी तिला खुर्चीत बसवून वर आणली. सगळ्यात लहान मुलीने तिच्या पावाला तिचंच लोणी लावून दिलं. तिने घास घेतला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली. "इतकी वर्षं कोणी सांगितलं कसं नाही?"

आजही सप्टेंबरात शाळेच्या वाढदिवसाला सगळी मुलं कोरडा पाव हातात धरून बसतात. वयाने सगळ्यात लहान मूल मुख्याध्यापकबाईंच्या पावाला लोणी लावतं. त्या घास घेऊन "मीठ कमी आहे" म्हणतात, आणि मगच लोणी सगळ्यांकडे फिरतं.

शाल्मली सगळ्यात खालच्या वर्गात, जन्म ऑगस्टच्या अखेरचा, आणि इकडे एक सप्टेंबरपासून पुढे जन्मलेली मुलं एक वर्ग मागे बसतात. त्यामुळे त्या वर्षी सगळ्यात लहान तीच निघाली. मी मागच्या रांगेत यमाईचं नाव घेत बसले होते. शाल्मलीने बाईंच्या पावाला लोणी लावलं. बाई नेहमीप्रमाणे म्हणाल्या, मीठ कमी आहे. यावर कोणी काही बोलायचं नसतं. पण ही त्यांच्याकडे बघून इंग्रजीत, चांगली खणखणीत म्हणाली, "मिस, देवाचं चाखून बघायचं नसतं."

बाई हसल्या, मग सगळी शाळा हसली, आणि शाल्मलीही. त्या दिवशी मी भातावर तूप वाढून घेतलं.

पण एक मनात राहिलं. माझा नवस माझ्या नातीसाठी होता, हेस्टरचा परक्यांच्या लेकरांसाठी. म्हणून यंदा मी गूळ सोडलाय. आमच्या गल्लीत सीरियातून आलेली एक मुलगी आहे, तिला अजून शाळेत जागा मिळालेली नाही, तिच्यासाठी. तुम्हीही उतरायच्या आधी आवडीचं एखादं काही सोडा. कोणासाठी ते मला सांगू नका. फक्त ते लेकरू आपल्या घरचं नको.