धुक्यात राहिलेल्या कासाराचं नाव

पाय आत घ्या, पांघरूण ओढा आणि ऐका. एक होती कासारीण. राजाची गोष्ट आज नाही. राजे पुष्कळ झाले.

तिचं नाव तानू. गाव खिंडीच्या पायथ्याशी. खिंडीपलीकडं धुकं राहायचं. सकाळी येऊन दुपारी जाणारं नव्हे, बरं का, हे कायमचं मुक्कामाला होतं. त्यात शिरलेल्याला वाट सापडायची नाही. पण खिंडीत उभं राहून घरच्या माणसानं नावानं हाक मारली, की धुकं बाजूला व्हायचं आणि आतला बाहेर यायचा. नावच लागायचं, दुसरं काही चालायचं नाही.

तानूच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. तिचा नवरा बैलावर बांगड्यांचं ओझं लादून पलीकडच्या बाजाराला निघाला आणि धुक्यात अडकला. तानू धावत खिंडीत गेली. आणि हाक काय मारली? "अहो."

आता आत अहो काय थोडे होते? धुकं हललंसुद्धा नाही. सासूनं 'बाळा' म्हणून हाका मारल्या, थोरल्या लेकाचं नाव आईनं घ्यायचं नसतं म्हणे, आणि दिरांनी 'दादा' म्हणून; तेही वायाच. तानूनं नाव घ्यावं, तर सासूनं बजावलेलं, बाईनं नवऱ्याचं नाव उच्चारलं की त्याचं आयुष्य घटतं. हे कुणी ठरवलं कुणास ठाऊक. ठरवणाऱ्याच्या बायकोला विचारलं नसणार एवढं खरं. तानू तेव्हा वीस वर्षांची. तिला तो जिवंत हवा होता. मग तिनं ओठ मिटले. धुक्यात का होईना, असू दे, म्हणाली.

मग ती दारोदार बांगड्या भरत फिरली. एक पाऊस गेला, दहा गेले, पन्नास गेले. जेवताना ती शेजारी एक पाट जास्तीचा मांडायची आणि त्याचं नाव घ्यायची. मनातल्या मनात, हं.

सासू गेली, जावा गेल्या. टोकणारं कुणी उरलं नाही. तानू सत्तरीला आली आणि तिच्या डोक्यातून एकेक गोष्ट निघून जायला लागली. चुलीवर ठेवलेलं दूध गेलं. शेजारणीचं नाव गेलं. एकदा तर स्वतःच्याच दारात उभं राहून तिनं विचारलं, हे घर कुणाचं? लोक हसले. तुम्ही हसू नका. तिचं तिला कळत होतं, तेच तर वाईट. आज हे गेलं, उद्या काय जाईल, या धास्तीनं तिला घास उतरेना. मग तिनं ठरवलं, आयुष्य घटायचं तर घटो, आता हाक मारायचीच.

काठी टेकत ती खिंडीत गेली. तोंड उघडलं. आणि नाव नव्हतं.

पन्नास वर्षं जपलेलं, नेमकं तेच नव्हतं. जीभ चाचपडली आणि भलतंच हाती लागलं. "ढवळ्या," ती ओरडली. धुकं फाटलं आणि त्यांचा बैल बाहेर आला, पाठीवर बांगड्यांचं ओझं तसंच. आत वर्षं मोजली जायची नाहीत. बाहेर मात्र पावलागणिक एकेक वर्ष अंगावर चढायचं. तिच्यापाशी पोचेतो ढवळ्या म्हातारा झाला आणि खिंडीतच मटकन बसला. तानूनं त्याच्या गळ्यात हात टाकून विचारलं, तुझ्या धन्याचं नाव काय रे? बैल काय सांगणार?

मग तिनं गावभर विचारलं. जुनी माणसं संपली होती. उरलेल्यांना तो नुसता कासार म्हणून ठाऊक. दुसऱ्या दिवशी खिंडीत जिभेवर आलं ते शेजारच्या शिवा तेल्याचं नाव. तोही आतच अडकलेला, आणि शेजार अगदी घरच्यासारखा. शिवा पिकत पिकत बाहेर आला आणि आधी बायकोची चौकशी केली. ती गेल्याचं तानूला सांगावं लागलं. तिनंही कधी नाव घेतलं नव्हतं. शिवानं ढवळ्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग तानूनं विचारलं, आमचे मालक आहेत का आत?

"आहे एक जण. खिंडीकडं तोंड करून उभा असतो," शिवा म्हणाला. "नाव नाही सांगता यायचं, वहिनी. आत ज्याचं त्यालाच आठवत नाही."

तिसऱ्या दिवशी तानू खिंडीत जाऊन गप्प बसली. स्वतःच्या जिभेची भीती वाटायला लागली होती. तेवढ्यात, धुकं टाळून डोंगरमाथ्याच्या लांबच्या वाटेनं जाणारं एक वऱ्हाड चढून आलं. चढणीत नवरी पडली होती, हातातला चुडा फुटला होता. उघड्या हातानं सासरी कशी जायची? तानूनं ढवळ्याच्या पाठीवरचं ओझं सोडलं. पोरीचा पंजा हातात घेतला, अंगठ्याचा सांधा दाबला, आणि न बघता बरोबर मापाची बांगडी उचलली. डोकं विसरलं होतं, हात काही विसरले नव्हते. हिरव्या बांगड्या सरसर चढल्या. करवल्यांनी नवरीला नाव घ्यायला लावलं. मग तानूला म्हणाल्या, आता तुम्ही घ्या, आजी.

मला आठवत नाही, असं ती म्हणणार होती. पण हात बांगडीत गुंतले होते आणि जीभ आपल्या वाटेनं निघून गेली.

"डाव्या हाती बारा बांगड्या, उजव्या हाती तेरा,
रखमाजींच्या अंगणात माझा तुळशीपाशी फेरा."

करवल्या हसल्या. तानू थिजली. लग्नात उंबऱ्यावर एकदा, एकदाच, तिनं ते असं उखाण्यात घेतलं होतं. पुन्हा निसटायच्या आत ती उठली आणि सगळी खिंड दणाणेल अशी ओरडली. "रखमाजी."

धुकं फाटलं. पंचविशीचा गडी चालत आला. चालता चालता केस पांढरे झाले, पाठ वाकली. तिच्यासमोर उभा राहिला तेव्हा दोघं सारखेच म्हातारे.

"हाक का मारली नाहीस?" त्यानं विचारलं.

"तुमचं आयुष्य घटलं असतं."

"ते आत उभं राहूनच गेलं गं," तो म्हणाला, आणि तिचा हात धरून खिंड उतरायला लागला.

मग तानूनं गावातल्या बायकांना खिंडीत पिटाळलं. त्यांनी आपापल्या माणसांना घसा फोडून हाका मारल्या आणि घरं पुन्हा भरली. शिवा तेली कासाराकडंच जेवायला लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी तानूनं रखमाजीला विचारलं, कुठले पाव्हणे? त्यानं नाव सांगितलं. तिनं ते मोठ्यानं म्हणून पाहिलं, एकदा, दोनदा, तीनदा, आणि नव्या नवरीसारखी लाजली. मग रोजच तसं. रोज तो तिच्या घरी पहिल्यांदा यायचा. सुखानं राहिली दोघं.

झाली गोष्ट. घरातल्या म्हाताऱ्या माणसानं सकाळी विचारलं, तू कोण गं, तर हसायचं नाही. नाव सांगायचं, ऐकू जाईल असं. निजा आता.