मांडवदऱ्याच्या विहिरीतली हाक

मांडवदरा हे गाव खडकावर वसलेले. कुदळ मारली तर ठिणगी उडेल, पण पाणी लागणार नाही, अशी तिथली जमीन. आपले तीमथ्यमहाराज उतारवयात त्या गावी येऊन राहिले. ख्रिस्ती वस्तीच्या टोकाला मातीच्या भिंतींचे प्रार्थनामंदिर होते. त्याला लागून असलेली पडवी, तेवढेच त्यांचे घर. ख्रिस्ती माणसाला महाराज कसे म्हणता, असे परगावचे लोक विचारीत. पण चिपळ्या वाजवीत ते प्रभू येशूचे कीर्तन करू लागले, की विचारणाऱ्याच्याही तोंडी दुसरा शब्द येत नसे.

त्या वस्तीतल्या माणसांना पोटासाठी सारखे बाहेर पडावे लागे. कोणी खाणीवर जाई, कोणी रेल्वेच्या कामावर, कोणी पलटणीत. निघायच्या वेळी घराघरातून रड उठे. आया मुलांच्या सदऱ्याला धरून वेशीपर्यंत ओढल्या जात. ते पाहून महाराज म्हणाले, "बाळांनो, रडा. प्रभूदेखील आपल्या मित्राच्या कबरेपाशी रडला. पण डोळे पुसल्यावर एकमेकांना काहीतरी द्या."

त्यांनी वस्तीला एक रीत लावून दिली. निघणाऱ्याने उंबऱ्यावर थांबून म्हणायचे, "मी प्रभूच्या हातात." मागे राहणाऱ्याने म्हणायचे, "मीही त्याच हातात." एकाच हातात असलेली दोन माणसे एकमेकांपासून किती लांब जाणार? ही रीत लोकांच्या अंगवळणी पडली. पुढे पुढे लांबच्या प्रवासालाच काय, रोज कामाला निघतानाही माणसे हे म्हणू लागली.

गावचे रंभाजी पाटील याला फार हसत. ते मनाने वाईट नव्हते, पण जीभ तिखट. स्वतःच्या देवळाची पायरी चढायचे त्यांनी कधीच सोडले होते. जो आपल्या देवाचीही टवाळी करतो, तो दुसऱ्याच्या देवाला कसा सोडील?

"काय शीलास, आज हातात की बगलेत?" ते आपल्या कामावरच्या माणसाला विचारीत. "तुमच्या देवाची मूठ केवढी रं? अख्खी वस्ती मावती व्हय तिच्यात? एखादा निसटला तर?"

"निसटला तर खाली दुसरा हात असंल, पाटील," शीलास म्हणे, आणि पहार उचलून कामाला लागे.

त्या उन्हाळ्यात पाटलांनी मळ्यातली जुनी विहीर खोल करायला घेतली होती. खडक फोडण्यात शीलासचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता. पण त्याच्या बायकोच्या, गजराबाईच्या मनात काही दिवसांपासून धाकधूक होती. एका सकाळी तो निघाला तेव्हा ती चुलीपुढून म्हणाली, "अहो, आज उतरू नका. मावळतीच्या कडेची माती गळतीया. काल भाकरी घेऊन आले तवा माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

"शब्द दिलाय गजरे."

"शब्द पाटलाला दिलाय. मला काय दिलंय?"

शीलासने पहार खांद्यावर घेतली. तो उंबऱ्यावर थांबला. "मी प्रभूच्या हातात," तो म्हणाला.

गजराबाईने चुलीत फुंकर घातली. "गजरे?" त्याने पुन्हा हाक मारली. तिने मान वर केली नाही. मग त्याच्या वहाणांचा आवाज अंगणातून दूर गेला.

तिने भाकरी थापली, तव्यावर टाकली. मन थाऱ्यावर नव्हते. इतक्या वर्षांच्या संसारात त्याला असे मुक्याने कधी जाऊ दिले नव्हते. भाकरी तव्यावरच ठेवून ती उठली आणि मळ्याच्या वाटेने धावत सुटली.

ती पोचली तेव्हा माणसे न्याहारीसाठी वर आली होती. शीलास तेवढा खाली होता. शेवटची पाटी भरत होता. काठावर पाटील उभे होते.

"काय गं, रिकाम्या हातानं?" ते म्हणाले. "भाकरी कुठंय?"

"त्यांच्याशी बोलायचंय, पाटील. एकच शब्द."

"असा कसला शब्द?"

तिने खालच्या आवाजात सांगितले. पाटील मोठ्याने हसले. "ऐकलं का रे? बाई हात विसरून गेली, म्हणून पळत आली! अगं, एवढी पाटी वर येऊ दे. नवरा वर आला, की दे हातात हात."

माणसे हसली. गजराबाईही ओशाळून हसली आणि पदर सावरीत मागे सरली.

तेवढ्यात मावळतीची कड ढासळली.

आधी आवाजच आला नाही. पायाखालची जमीन हलली, मग एक जड धपका, मग विहिरीच्या तोंडातून धुराळा उसळला. माणसे "शीलास! शीलास!" करीत काठाकडे धावली. धुराळा खाली बसला तेव्हा विहिरीच्या तळाला माणूस नव्हता, पाटी नव्हती. मातीचा आणि दगडांचा नुसता ढीग होता.

दोघे दोराने उतरले. ज्या जागी शीलास उभा होता तिथे त्यांनी माती उपसायला घेतली. वरून पुन्हा कड सुटली. एकाचा पाय दगडाखाली सापडला, त्याला कसेबसे ओढून वर काढले. राहिलेल्या कडेला रुंद भेग पडलेली सगळ्यांना दिसत होती. ती कड कधी खाली येईल याचा नेम नव्हता.

पाटलांच्या तोंडावरचे हसू केव्हाच गेले होते. ते म्हणाले, "आता कोणी खाली उतरायचं नाही. एकापायी आणखी चौघं देऊ का?"

"पण पाटील, तो..."

"तो गेला. इतका वेळ मातीखाली कोण जगतं?"

गजराबाईने हे ऐकले. तिने हंबरडा फोडला नाही. जमिनीवर हात आपटीत ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणू लागली. "मी उत्तर दिलं नाय. मी उत्तर दिलं नाय."

वस्तीत बातमी पोचली तसे महाराज काठी टेकीत उन्हातून आले. बायकांनी वाट करून दिली. महाराज गजराबाईजवळ जमिनीवर बसले.

"महाराज," ती म्हणाली, "उंबऱ्यावर ते थांबले होते. मी रागानं बोलले नाय. म्हणून प्रभूनं त्यांना सोडलं."

महाराजांचा चेहरा एकदम उतरला. "बाई, मी तुम्हाला ताईत दिला असं वाटलं का तुला? आपण बोललो की प्रभू धरणार, आपण विसरलो की सोडून देणार? मग तो हात आपल्यापेक्षाही लहान झाला."

"मग शिकवलंत कशाला?"

"जाणाऱ्याला भीती वाटू नये, राहणाऱ्याला एकटं वाटू नये, एवढ्यासाठी. तू गप्प बसलीस तेव्हाही तो हात होता. आत्ताही आहे."

"ते जिते हायत का? तेवढं सांगा."

सगळे महाराजांकडे पाहू लागले. महाराज म्हणाले, "मला ठाऊक नाही, बाई. वर असो, खाली असो, की प्रभूजवळ पोचलेला असो, तो कुणाच्या हातात आहे एवढंच मला ठाऊक आहे. तुझं उत्तर राहिलं आहे ना? ऊठ. दे."

"मेलेल्याला उत्तर?" पाटील मध्येच ओरडले. त्यांचा आवाज चिरकला. "बास करा महाराज! बाईला कशाला भुलवता? माझी सुंद्रा पहिल्या बाळंतपणात गेली. एकुलती एक पोर. चितेपुढं उभा राहून गळा फाटेस्तोवर हाका मारल्या मी तिला. मेलेलं माणूस ऐकत नसतं. मला विचारा!"

ज्या पाटलांनी मुलीचे नाव इतक्या वर्षांत कोणापुढे काढले नव्हते, ते भर माणसांत असे बोलले. महाराज काठी टेकून उठले. त्यांनी गजराबाईला हात दिला.

ती काठापाशी गेली. दोघींनी तिला मागून धरले. खाली वाकून ती म्हणाली, "अहो, मीही त्याच हातात." मग मोठ्याने, सगळा मळा ऐकेल असे, "मीही त्याच हातात!"

खालून काहीच आले नाही. बारीक खडे घरंगळले, तेवढेच. पण गजराबाईचे हात आपटणे थांबले होते. ती सरळ उभी राहिली. महाराज गुडघे टेकून प्रार्थना करू लागले आणि वस्तीतली माणसे त्यांच्याभोवती डोकी झाकून बसली.

पाटील लांब एका दगडावर जाऊन बसले होते. फेटा काढून मांडीवर घेतला होता. एकाएकी ते ताडकन उठले.

"कोण बोललं?"

"कोणी नाय, पाटील."

"हाक आली. खालनं! उगवतीच्या कोपऱ्यातनं."

माणसांनी श्वास रोखून कान दिले. कोणाला काही ऐकू येईना. एक म्हातारा म्हणाला, "उन्हानं होतं असं, पाटील. सावलीत बसा."

"शीलास मावळतीला उभा होता," दुसरा म्हणाला. "तिकडं कसा जाईल?"

"पळाला असंल! दोर आणा."

"तुम्हीच म्हणाला ना, उतरायचं नाय?"

"तुम्हाला म्हणालो. मला नाही."

पाटलांनी दोर कमरेला बांधला. माणसे दोराला लागली, आणि महाराजांनीही काठी टाकून दोराचे टोक हातात धरले. पाटील काठावर बसले, पाय आत सोडले. त्या भेगेकडे त्यांची नजर गेली. घरी वाट पाहणारे कोणी नव्हते. त्यांनी मागे वळूनही पाहिले नाही.

गजराबाई त्यांच्याजवळ वाकली. "पाटील, मीही त्याच हातात."

"मी कुठं काय म्हणालो, बाई?"

"न म्हणालात तरी चालंल. आता कुणालाच मी मुक्यानं जाऊ द्यायची नाय."

पाटलांनी तिच्याकडे एकदा पाहिले आणि ते खाली गेले.

कुदळीने कड हादरली असती. ते हातांनीच माती ओढू लागले. नखे फुटली. वरून मातीचा ओघळ त्यांच्या पाठीवर येऊ लागला. "पाटील, वर या! भेग वाढतीया!" माणसे ओरडत होती. ते ऐकत नव्हते. कोपऱ्यात शीलासच्या फेट्याचे टोक लागले. मग खांदा लागला. शीलास कड सुटताना खरोखरच उगवतीकडे पळाला होता. त्याच्या हातातली पाटी त्याच्या तोंडावर उपडी पडली होती आणि तिच्या पोकळीत तेवढी हवा राहिली होती.

"धुगधुगी हाय!" पाटलांचा आवाज विहिरीत घुमला. "दुसरा दोर सोडा!"

त्यांनी शीलासच्या काखेतून दोर घेतला आणि गाठ मारली. आधी त्याला ओढले. मग पाटलांना. पाटलांचा गुडघा काठाला लागतो न लागतो, तोच राहिलेली कड सुटली आणि जिथे ते उभे होते ती जागा बुजून गेली. ओढणारी माणसे एकमेकांवर कोसळली. देवा रे देवा! एक पळ इकडे-तिकडे झाला असता तर!

शीलासच्या तोंडातली माती काढली, पाणी मारले. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले. त्याचे डोके गजराबाईच्या मांडीवर होते.

"भाकरी तव्यावरच राहिली," ती रडत म्हणाली.

"मग करपली," शीलास म्हणाला.

लोक हसू लागले, रडू लागले. पाटील गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकीत होते. "शाब्बास रे गड्या," ते म्हणाले. "हाक मारलीस म्हणून वाचलास."

"मी?" शीलासने डोळे मिटले, पुन्हा उघडले. "कड आली एवढं ठावं हाय, पाटील. पुढचं काय नाय. तोंडात माती हुती. हाक कशी मारीन?"

पाटलांचा चेहरा पांढरा पडला. महाराज हळूच त्यांच्याजवळ आले. "पाटील, हाक काय आली होती?"

पाटलांनी विहिरीकडे पाहिले. मग म्हणाले, "'आबा, इकडं.'"

महाराजांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"गाव मला पाटील म्हणतं. आबा म्हणणारी एकच होती. लपाछपी खेळताना कोपऱ्यात दडायची, आणि मला सापडली नाही की स्वतःच हाक द्यायची. तस्संच." त्यांनी उगवतीच्या कोपऱ्याकडे बोट केले. "चितेपुढं एवढ्या हाका मारल्या, महाराज, ओ आली नाही. मी समजलो, संपली. कुठंच नाही आता."

महाराज म्हणाले, "पाटील, हाक मारायला माणूस कुठेतरी असावं लागतं."

ते ऐकताच पाटील मटकन खाली बसले. इतक्या वर्षांचे रडू त्यांना आवरेना. त्यांनी महाराजांचे पाय धरायला हात पुढे केले. महाराजांनी ते वरच्यावर धरले. "माझे पाय नको. मी नुसता दोर धरला होता."

"मग कुणाचे धरू?"

"ज्याच्याजवळ ती आहे, त्याचे. चला, मीही येतो."

असे म्हणून महाराज त्यांच्या शेजारी गुडघे टेकून बसले. ज्या पाटलांनी आजवर देवामाणसात कोणापुढे मान लववली नव्हती, त्यांनी मातीने माखलेले, उघडे डोके सगळ्या गावादेखत जमिनीला लावले, आणि ते बराच वेळ वर उचलले नाही.

भाविकहो, ज्यांची माणसे दूर गेली आहेत किंवा दृष्टीआड झाली आहेत, त्या सगळ्यांच्या घरी प्रभू असाच धीर घेऊन येवो. आमेन.